पट्टीमागचा दिवा

"ताई, जरा दमानं घ्या, पुढं पाणी सांडलंय," स्कूटरवर माझ्या मागं बसलेल्या अलकाताई म्हणाल्या.

पसरणी घाटातलं उतारावरचं वळण होतं; त्या दिवशी शाळेतून आम्ही सकाळीच घरी निघालो होतो. पाण्याचा टँकर नुकताच वर गेला असावा, कारण निम्म्या रस्त्यावर ओला पट्टा चकाकत होता. मी वेग कमी केलाच होता. तेवढ्यात समोरून चढणाऱ्या टेम्पोला मागं टाकायला म्हणून एक पांढरी मोटार थेट आमच्या बाजूला आली.

मी ब्रेक दाबले. दोन्ही, जीव खाऊन.

पुढचं चाक फिरायचं थांबलं आणि गाडी साबणाच्या वडीसारखी घसरत निघाली. हँडल हातात होतं, पण त्याचा रस्त्याशी काही संबंध उरला नव्हता. मोटार आमच्या शेजारून सुळकन गेली, थांबलीसुद्धा नाही. आम्ही आडव्या पडलो आणि पडल्या पडल्या कठड्यापर्यंत घसरत गेलो. माझं हेल्मेट दगडावर आपटलं. त्या दगडाच्या पलीकडे दरी होती.

"अलकाताई!"

त्या उठून बसल्या होत्या. लुगड्याला चिखल लागला होता आणि त्या आपल्या डाव्या हाताकडे अशा बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

"हात बघा ओ ताई, कसा झालाय," त्या शांतपणे म्हणाल्या. मनगटापासून पंजा भलत्याच बाजूला वळला होता. मग त्या रडायला लागल्या.

टेम्पोवाला टेम्पो तसाच रस्त्यात सोडून धावत आला. त्यानं आम्हाला उचललं, स्कूटर कठड्याला टेकवली, खाली जाणारी एक जीप थांबवली आणि आम्हाला वाईच्या दवाखान्यात पाठवलं. जीपमध्ये अलकाताईंचा हात मांडीवर धरून मी बसले होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हे व्हायला नको होतं. चाक जाम व्हायलाच नको होतं.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी तेव्हा मेट्रन होते. मुलांचे ताप, पोटदुख्या, घरची आठवण येऊन होणारी डोकेदुखी, सगळं माझ्याकडे. अलकाताई तिथंच स्वयंपाकघरात होत्या. दोघी वाईच्या, म्हणून जाता-येता त्या माझ्या मागं बसायच्या. रोजचा घाट, म्हणून आम्ही मुद्दाम ती स्कूटर घेतली होती. तिला एबीएस होतं. ब्रेक कितीही जोरात दाबला तरी पुढचं चाक जाम होऊ द्यायचं नाही, हे त्या यंत्रणेचं काम. माझे यजमान, सुहास, गाडी घरी आणली त्या दिवशी म्हणाले होते, "चार पैसे जास्त गेले, पण तू घाटात असताना माझा जीव टांगणीला नको."

तरी त्या पावसाळ्यात मी एकदा पडलेच. शेवाळावरून गाडी गेली, खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मी काही जुळले नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. झोप यायची नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरच्यांना सांगितलं, हिला काही दिवस ताण नको. तेव्हापासून आमच्या घरात सगळे हळू बोलायला लागले. सुहास फोन घेऊन गच्चीवर जायचे. माझे वडील, आप्पा, पुण्याला दादाकडे राहायला गेले होते. त्यांच्याशी बोलणं व्हायचं ते दादाच्याच फोनवरून, आणि तेही मी बोलायचे, ते नुसतं "हं" म्हणायचे. मला वाटायचं, कान गेले असतील. नाहीतर माझ्यावर रागावले असतील. भेटायला जाते म्हटलं की सुहास म्हणायचे, आधी तू बरी हो.

आणि स्कूटरच्या वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा पेटला होता. एबीएस बिघडल्याचा. पडल्या दिवसापासून तो विझतच नव्हता. गाडी चालायची, ब्रेकही लागायचे, पण तो दिवा दिसला की माझ्या मुठी गार पडायच्या. मी एसटीनं जायला लागले. एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा जुळेनात. मुख्याध्यापिका दोनदा बोलल्या.

मग एका शनिवारी सुहास गाडी घेऊन साताऱ्याला गेले आणि संध्याकाळी परत आले. "घे. झालं काम," म्हणाले. "आता बिनधास्त जा."

मी चावी फिरवली. पिवळा दिवा नव्हता. त्या दिवशी मी गाडीला हळदकुंकू लावलं होतं.

अलकाताईंच्या हाताला प्लास्टर घालून, त्यांना घरी पोचवून मी बाहेर आले तेव्हा दुपार झाली होती. सुहास एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे व्यवस्थापक होते, आणि सौद्यांसाठी सांगलीला गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचे होते. फोन करून त्यांना घाबरवायला नको, असा विचार मी केला. खरंच, तेव्हा मी असाच विचार केला.

गाडी टेम्पोत घालून खाली आणली आणि गावाबाहेरच्या प्रमोद साळुंखेच्या गॅरेजमध्ये नेली. प्रमोद पूर्वी मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये होता, आता स्वतःचं टाकलं होतं. तोंडानं अखंड बडबड आणि हातानं काम, असा माणूस.

"आरसा गेला, पॅनल गेलं, ते सोडा," तो गाडीभोवती फिरत म्हणाला. "चाक जाम झालं म्हणता? एबीएसच्या गाडीचं?"

"तेच तर विचारायला आले. आत्ता दोन-अडीच महिन्यांपूर्वी दुरुस्त केलंय."

"कोणी केलं?"

"साताऱ्याला. कंपनीत."

त्यानं चावी फिरवली. काट्यांमागचा उजेड लागला, पेट्रोल, इंडिकेटर, सगळं. तो वाकून बघत राहिला. चावी बंद केली, परत फिरवली.

"हा दिवा कधीपासून लागत नाही?"

"दुरुस्तीपासून. बिघाडच नाही तर लागेल कशाला?"

प्रमोदची बडबड थांबली. "नाही मॅडम. चावी फिरवली की आधी तो लागायलाच हवा. गाडी चालायला लागली की मग विझतो. लागतच नसेल तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि स्क्रूड्रायव्हर घेतला.

पुढचं कव्हर निघालं. मग काट्यांचा डबा. त्यानं तो हातात उलटा धरला आणि मला जवळ बोलावलं. आतल्या बाजूनं, नेमक्या त्या दिव्यावर, वीजवाले वापरतात तसल्या काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला होता. कडा कात्रीनं व्यवस्थित कापलेल्या होत्या.

प्रमोदनं तो तुकडा चिमटीनं काढला आणि चावी फिरवली.

पिवळा दिवा पेटला. पहिल्यासारखाच.

"दिवा गेलेला नव्हता," प्रमोद म्हणाला. "झाकला होता. गाडी विकताना करतात काही जण असं. घेणाऱ्याला कळू नये म्हणून. तुम्ही जुनी घेतली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "नवी."

चिकटपट्टीचा तुकडा माझ्या हातात देऊन त्यानं मला स्टूल दिलं.

बसल्या बसल्या मी विचारलं, "आता हे नीट होतं का? का अख्खं बदलायचं?"

"कंपनीत गेलात तर अख्खं युनिट बदला म्हणतील. त्याची किंमत ऐकून माणूस गाडी तिथंच सोडून येईल. आधी बघू तरी, कुठं दुखतंय."

त्यानं मोबाइलएवढं एक यंत्र गाडीला जोडलं. पुढच्या चाकाचा वेग यंत्रणेपर्यंत पोचतच नाही, असं ते सांगत होतं. मग चाक निघालं. चाकाबरोबर दातेरी कडं फिरतं आणि त्याच्याजवळ बसवलेला सेन्सर ते दाते मोजतो, हे त्यानं मला दाखवलं. चाक किती फिरतंय हेच कळलं नाही, तर ते जाम होतंय हे यंत्रणेला कळणार कुठून? मी पावसाळ्यात पडले तेव्हा सेन्सर धरणारी पट्टी वाकली होती आणि त्याची तार पुढच्या चाकाला धरणाऱ्या नळीवर घासून उघडी पडली होती. तांबं हिरवं झालं होतं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एबीएसचा पंप ठणठणीत आहे. एवढंच."

त्यानं हिरवी तार कापून टाकली, नवा तुकडा डाग देऊन जोडला, वर रबरी नळी चढवली, आणि परत घासू नये म्हणून तार दुसऱ्या बाजूनं बांधली. वाकलेली पट्टी सरळ केली. कड्यातला चिखल ब्रशनं काढला. सेन्सर आणि दाते यांच्यात पातळ पाती घालून अंतर बघितलं, सैल केलं, पुन्हा आवळलं. ब्रेकचं तेल बदललं. सगळं होईपर्यंत ऊन कलायला आलं होतं.

मग तो गाडी घेऊन आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात आला. मागं मी. आधी त्यानं स्वतः चालवली. पिवळा दिवा पेटला, गाडी चालायला लागली आणि विझला.

"आता तुम्ही," तो म्हणाला.

"मला नाही जमणार."

"मग गाडी नीट झाली हे तुम्हाला कोण सांगणार? मी?"

मी बसले. मैदानाच्या टोकाला त्यानं वाळू पसरली होती. त्या वाळूवर मी डोळे मिटून नाही, पण श्वास धरून, ब्रेक दाबला. मुठीखाली काहीतरी जोरात धडधडलं. गाडी सरळ रेषेत थांबली.

"ती धडधडच हवी," प्रमोद लांबून ओरडला. "घाबरू नका, ती कामाची खूण!"

मी आणखी कितीतरी वेळा ते केलं. अंधार पडायला लागला तेव्हा प्रमोदनंच पुरे म्हटलं. त्यानं मागितलेले पैसे ऐकून मी पुन्हा विचारलं, चुकून कमी सांगितलेत का. अलकाताईंच्या प्लास्टरला त्याहून जास्त लागले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुहास आले. माझ्या कोपराची पट्टी बघून त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"काय झालं? कधी? फोन का नाही केलास?"

मी तळहात उघडून काळा तुकडा दाखवला. त्यांनी तो ओळखला. काय आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही. खुर्चीत बसले.

"मी गेलो होतो कंपनीत," ते म्हणाले. "खोटं नाही सांगितलं. त्यांनी अख्खं युनिट बदला म्हटलं. गाडीच्या निम्म्या किमतीचं. बाहेर एक जण होता, तो म्हणाला, दिवाच खुपतोय ना, झाकून देतो."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"ब्रेक लागत होते, हेमांगी. साध्या गाड्यांना कुठं असतं एबीएस? लोक चालवतातच की."

"मग मला तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर बसली असतीस?"

"नसते बसले."

"मग?"

मी काळ्या तुकड्यावर मूठ मिटली.

"तुझी नोकरी जायला आली होती," ते म्हणाले. "रात्र रात्र जागायचीस. दिवा गेला आणि तू पहिल्यांदा हसलीस. मला वाटलं, जमलं."

"प्रमोदनं अर्ध्या दिवसात तार जोडून दिली. अर्ध्या दिवसात! तुम्ही आणखी कोणाला विचारलं का नाही?"

"विचारत फिरलो असतो तर तुझ्या कानावर आलं असतं."

"अलकाताईंचा हात मोडलाय. कठडा नसता तर दोघी खाली होतो."

त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला.

"अजून काय झाकलंय माझ्यापासून?" मी विचारलं.

त्यांनी खाली पडलेली पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली. मी वाट बघितली. मग मी उठून आत गेले.

सकाळी मी म्हटलं, अलकाताईंकडे जायचं, आणि तुम्ही सांगायचं. ते आले. अलकाताईंनी एका हातानं चहा करू नये म्हणून शेजारणीनं केला. सुहासनी बशीत ओतून सगळा चहा संपवला, औषधांची चौकशी केली, पगार कापला तर मी भरून देईन म्हणाले. मग म्हणाले, "रस्त्यावर पाणी होतं ना..."

आणि थांबले. शेवटी मीच सांगितलं, दिव्यापासून पट्टीपर्यंत सगळं.

अलकाताई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. मला म्हणाल्या, "म्हंजी मी रोज मागं बसत हुते, तवा यास्नी ठावं होतं?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि तोंड फिरवलं. आम्ही निघालो.

घरी येताना कृष्णेवरच्या पुलावर सुहास थांबले. खाली बायका धुणं धूत होत्या. कठड्याला हात टेकून, पाण्याकडे बघत ते म्हणाले, "काल विचारलंस ना, अजून काय म्हणून."

मी थांबले.

"आप्पांना झटका येऊन गेला. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही नीट."

"कधी?"

"गणपतीत."

तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. फोनवरचे सगळे "हं" माझ्या कानात एकामागून एक वाजले. मी त्यांना माझ्या गोळ्यांबद्दल सांगत होते, भाजीबद्दल सांगत होते, आणि शेवटी, "काहीतरी बोला ना हो आप्पा," म्हणून चिडतसुद्धा होते.

पुलावरून मी घरी गेलेच नाही. तशीच स्टँडवर गेले आणि स्वारगेटच्या गाडीत बसले. सुहास मागून आले. मी त्यांना या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. ते माझ्या मागच्या बाकावर बसले.

याला आता बरीच वर्षं झाली. आप्पा त्यानंतर दोन उन्हाळे काढून गेले. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे, आणि त्यांचं अर्धवट बोलणं इतरांना समजावून सांगण्याइतकं मला कळायला लागलं. पण त्या पहिल्या दिवशी मला काहीच येत नव्हतं.

दादानं दार उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. "तुला त्रास नको म्हणून गं..." एवढं तो म्हणाला. मी त्याला बाजूला करून आत गेले.

आप्पा खिडकीजवळच्या पलंगावर होते. शाळेत ते कवायतीचे शिक्षक होते. मैदानाच्या या टोकाला त्यांनी 'सावधान' म्हटलं की त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. आता तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता, उजवा हात चादरीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. त्यांनी मला बघितलं. डोळ्यांत ओळख आली. आणि मग त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

"आप्पा," मी म्हटलं. "आप्पा, मी आलेय."

त्यांनी मान वळवली नाही.

वहिनी माझ्या मागं उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "आधी रोज दाराकडे बघायचे हो. बेल वाजली की मान उचलायचे. दिवाळीनंतर सोडलं."

मी पलंगावर बसून त्यांचा चांगला हात धरला. बराच वेळ तो माझ्या हातात नुसता पडून राहिला. मग त्यांनी तोंड माझ्याकडे केलं. ओठ हलायला लागले. एकेक अक्षर त्यांना कुठून तरी खोलातून ओढून आणावं लागत होतं.

"का... नाय... आ... ली..."

"का नाही आलीस, म्हणतायत," वहिनी म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच असता, आणि ज्यांच्या घरात, ज्यांच्या हातून ते दोन घास खात होते, ती माणसं माझ्या मागंच उभी होती. आपल्याच मुलानं आणि जावयानं मिळून हे केलं, हे त्या अवस्थेत त्यांना सांगायचं का? त्यांना त्रास होईल, हा विचार माझ्याही मनात आला, आणि तो विचार ओळखीचा वाटून माझ्या अंगावर काटा आला.

"आप्पा," दारातून आवाज आला. सुहास चपला हातात घेऊन तिथंच उभे होते. "तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं तिला."

"आपण दोघांनी ठरवलं होतं ना ते," दादा घाईघाईनं म्हणाला.

"नाही दादा. तुम्ही दोनदा म्हणालात, कळवू या म्हणून. मी नको म्हटलं." सुहासनी पुन्हा पलंगाकडे बघितलं. "आप्पा, ती रोज विचारायची तुमच्याबद्दल. मी रोज म्हणायचो, मजेत आहेत."

आप्पांनी सुहासकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि उशीवर उतरलं. मग त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, वर उचलला, आणि पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

"ब... सा," ते म्हणाले.

सुहासनी चपला खाली ठेवल्या, आले, आणि खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पलंगावरून उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरी उभी राहिले.